खालच्या जागेचं ऑपरेशन झाल्यावर घरी काळजी कशी घ्यायची

योनीमुखाचं, म्हणजे लघवीच्या जागेभोवतीच्या आणि योनीच्या बाहेरच्या भागाचं ऑपरेशन झालेली बाई गावी परतली की विचारणाऱ्यांना सांगितलं जातं, "पोटाचं ऑपरेशन झालं." शेजारणीला काय सांगायचं हा जिचा तिचा प्रश्न. अडचण होते ती घरातल्यांनाही तेवढंच सांगितल्यावर. मग सून तिला जेवायला पाटावर बसवते, आत्या बाजेखाली शेगडी ठेवते, आणि टाके उसवायला लागले तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण ती जागा कुणी बघितलेलीच नसते. मी स्त्रीरोग वॉर्डात नर्स आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या न बघितलेल्या जखमांची. म्हणून बाकीचं सगळं नंतर. आधी घरातल्या एका माणसाला खरं काय ते सांगा आणि त्या माणसाला रोज एकदा जखम बघू द्या. लेक, सून, बहीण, मालक, जिच्यावर किंवा ज्याच्यावर तुमचा जीव आहे असं कुणीही चालेल.

ऑपरेशन कुठलं झालं यावर किती दिवस लागतील ते ठरतं. योनीच्या तोंडाशी बार्थोलिन ग्रंथीची गाठ किंवा गळू होतं, ते उघडून साफ केलं असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत बाई बऱ्यापैकी सावरते. कातडीवरचा संशयाचा चट्टा काढला असेल तर चार ते सहा आठवडे धरा. कॅन्सरसाठी मोठा भाग काढून जांघेतल्या गाठीही काढल्या असतील तर दोन-तीन महिने लागू शकतात. आपल्याकडून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्या बायकांपैकी कित्येकींचं हे मोठं ऑपरेशन असतं. खाली लिहिलेलं बरंचसं सगळ्यांना लागू आहे. तुमच्या डॉक्टरांनी याहून वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पेशंट घरी येण्याआधी

बाई दवाखान्यात असतानाच घरच्यांनी ही कामं उरकावीत. अंथरूण जमिनीवर नको, कारण खालून उठताना मांड्या फाकतात आणि टाक्यांवर ताण येतो. बाजही नको. सुंभाची असो की पट्टीची, बाजेला मध्ये खोळ पडते, कंबर आत जाते आणि उठताना जोर लावावा लागतो. गुडघ्याएवढ्या उंचीचा दिवाण किंवा पलंग बघा, त्यावर नेहमीची गादी घाला. मच्छरदाणी बांधा. ती कशासाठी ते पुढे येईल.

दुसरी सोय संडासाची. उकिडवं बसणं हे या ऑपरेशननंतर सगळ्यात वाईट, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत भारतीय पद्धतीचं भांडं असतं. दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते. ती भांड्यावर ठेवता येते किंवा खाली डबा लावून खोलीतही वापरता येते. संडास घरापासून लांब असेल किंवा रानात जायची सवय असेल तर निदान पहिले काही आठवडे खोलीतल्या खुर्चीशिवाय पर्याय नाही असं समजा.

येतानाचा प्रवासही आधी ठरवून ठेवा. मोटरसायकल नको, एस.टी.ची मागची सीट नको. चारचाकीत मागच्या सीटवर थोडं रेलून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन यावं. निघण्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी घ्यावी, आणि रस्ता लांबचा असेल तर तासा-तासाला गाडी थांबवून चार पावलं चालावं.

लघवी

पहिल्या आठवड्यात बायका लघवीला घाबरतात. ताज्या जखमेला लघवी लागली की आग होते. म्हणून त्या पाणी कमी पितात, लघवी गडद होते आणि आग आणखी वाढते. यावर साधा उपाय आहे.

एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या. जाड सुई विस्तवावर तापवून झाकणाला चार-पाच भोकं पाडा. उकळून कोमट केलेलं पाणी भरा. खुर्चीवर बसल्यावर लघवी सुरू व्हायच्या आधीच समोरून पाण्याची धार सोडायला लागा आणि लघवी संपेपर्यंत चालू ठेवा. पाण्यात मिसळून गेलेली लघवी जखमेला जवळजवळ लागतच नाही. थोडं पुढे वाकून बसलं तर धार जखमेवरून न जाता सरळ खाली पडते. दिवसभरात इतकं पाणी प्या की लघवी फिक्कट राहील. डॉक्टरांनी हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांनी मात्र तेच पाळावं.

मोठ्या ऑपरेशननंतर लघवीची धार बदलते. ती एका बाजूला जाते, मांडीवरून ओघळते, फवाऱ्यासारखी उडते. सूज उतरली की बरंच सुधारतं. काहींना पुढेही थोडं तसंच राहतं, तेव्हा मोठ्या तोंडाचं नसराळं किंवा कापलेला प्लास्टिकचा मग समोर धरला की कपडे भिजत नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई हबकते.

लघवीची नळी घेऊनच घरी पाठवलं असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली लटकलेली असावी, फरशीला टेकू देऊ नये, अर्धी भरली की रिकामी करावी, आणि नळीला हात लावण्याआधी व नंतर हात साबणानं धुवावेत.

शौचाला कुंथायचं नाही

ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बांधलं जातं, त्यात भीती, त्यात पडून राहणं. खडा झाला आणि कुंथावं लागलं तर टाक्यांची परीक्षा होते. डॉक्टरांनी लॅक्टुलोज किंवा शौच मऊ करणारं दुसरं औषध दिलं असेल तर ते पहिल्या दिवसापासून घ्या. चार दिवस शौचाला न झाल्यावर घ्यायला सुरुवात करण्यात अर्थ नाही. इसबगोल घेणार असाल तर पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या आणि वरून आणखी पाणी प्या. पाणी कमी पडलं तर इसबगोलनंच पोट आणखी बांधलं जातं.

खुर्चीवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्या. धुताना पाणी पुढून सोडायचं आणि हात मागून न्यायचा. मागची घाण पुढे जखमेकडे येता कामा नये. इतकं एक जपलं तरी जंतूंचा निम्मा त्रास वाचतो.

जखम धुणं आणि सुकवणं

या जागेला ना पट्टी नीट बसते ना हवा लागते. मांड्यांच्या मध्ये घाम साठतो, लघवी आणि शौचाच्या वाटा शेजारीच. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या पुढे. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा आणि प्रत्येक शौचानंतर जागा धुऊन कोरडी करायची.

पाणी उकळलेलंच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आजही उन्हाळ्यात कितीतरी गावं टँकरवर आणि बोअरवर असतात. या पाण्याचा भरवसा धरू नका. खळखळून उकळी आली की आणखी मिनिटभर उकळू द्या, झाकून निवू द्या आणि तोटीच्या भांड्यात भरून ठेवा, म्हणजे तांब्या बुडवावा लागत नाही. पाणी कमी असेल तर आंघोळीत काटकसर करा, या पाण्यात नको. भोकांची एक बाटली एका वेळेला पुरते.

धुताना आधी हात साबणानं. मग खुर्चीवर बसून किंवा मोरीत उभं राहून, पाय थोडे लांब ठेवून, पुढून मागे पाणी सोडा. चोळायचं नाही, घासायचं नाही. साबण, डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी, कडुलिंबाचा काढा यातलं काहीही जखमेवर नको. डेटॉलचं पाणी कडक करून लावल्यानं कातडी भाजलेल्या बायका मी बघितल्या आहेत. बाकी अंगाला साबण चालतो.

धुऊन झालं की उन्हात वाळवलेल्या मऊ सुती कापडानं टिपून घ्या. जुन्या धुवट साडीचे हातभर तुकडे करून, उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून डब्यात ठेवा. एक तुकडा एकदाच वापरायचा, मग परत धुण्यात. टिपल्यावर पाठीवर पडून गुडघे वर घ्या, पाय सैल सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं जागेला हवा लागू द्या. घरात केस वाळवायचं मशीन असेल तर गार हवेवर, हातभर अंतरावरून चालेल. गरम हवा अजिबात नको, कारण त्या जागेची कातडी बधिर झालेली असते आणि भाजल्याचं कळतही नाही.

हवा लावताना मच्छरदाणी सोडलेलीच पाहिजे. गोठा जवळ असलेल्या घरात माश्या जखमेवर बसतात, आणि उघड्या ओल्या जखमेवर माशीनं अंडी घातली तर अळ्या होतात. खोलीला कडी लावा. एकत्र कुटुंबात खोली मिळत नसेल तर दोरीवर साडी टाकून आडोसा करा, आणि ही दहा मिनिटं कुणी आत यायचं नाही हे घरातल्या थोरामोठ्यांनीच सगळ्यांना बजावावं.

याच वेळेला तुमच्या माणसानं जखम बघायची. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात कडा कशा दिसतात, लाली किती लांब पसरली आहे, वास येतो का, हे बघून वहीत दोन शब्द लिहायचे. बाईला स्वतःला बघायचं असेल तर हातआरसा द्या. पहिल्यांदा बघून रडू येतं. येऊ द्या. डॉक्टरांनी फोटो मागितला तरच, आणि बाईची हरकत नसेल तरच काढायचा. चेहरा येऊ द्यायचा नाही, थेट त्यांनाच पाठवायचा आणि लगेच पुसायचा. फोटो आपोआप घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर जात नाही ना, तेही तपासा.

कोमट पाण्याच्या टबात बसून शेक घ्यायला काही डॉक्टर सांगतात, काही ठिकाणी टाके ताजे असेपर्यंत किंवा जांघेत नळी असेपर्यंत मनाई असते. सांगितलं असेल तर कमोडच्या खुर्चीत बसणारा टब आणा, घमेल्यात उकिडवं बसू नका. कोपर बुडवून पाणी सोसवेल इतकंच कोमट आहे का ते बघा आणि दहा-पंधरा मिनिटांत उठा.

आणि शेगडी. बाळंतिणीला शेक-धुरी द्यायची आपली रीत म्हाताऱ्या मायेनं या बाईलाही करू बघतात. त्यांना दुखवू नका, पण ठामपणे थांबवा. बधिर कातडीला निखाऱ्याची आच लागली की फोड येतो, आणि ओव्याच्या धुरीनं टाके सुकत नाहीत. हळद, राख, खोबरेल, कसलीही पावडर, काहीच भरायचं नाही.

दुखणं, झोपणं, बसणं

पहिले दोन दिवस सूज उतरायला बर्फ चालतो, पण कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटंच. गोळ्या दुखायला लागल्यावर न घेता सांगितलेल्या वेळेला घ्या. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे कधीच नाही, आणि वयस्कर किंवा वजनानं कमी बाईला त्याहूनही कमी लागतं. सर्दी-तापाच्या कितीतरी गोळ्यांत तेच औषध असतं, म्हणून दुकानातून आपल्या मनानं आणखी काही आणू नका.

पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळा, गुडघे जुळवलेले ठेवा, कोपरावर जोर देऊन बसा आणि पाय दोन्ही एकदम खाली सोडा. बसायला साधी मऊ उशी बरी. मध्ये भोक असलेली गोल उशी लोक हौसेनं आणून देतात, पण तिच्यात मधला भाग खाली लोंबतो आणि जखम दोन्ही बाजूंनी ताणली जाते. मी ती वापरू देत नाही. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात फेरी मारा, आणि पडल्या-पडल्या पावलं वरखाली हलवत राहा. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे आहे. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर कधी कधी चार आठवड्यांपर्यंत पोटाच्या कातडीखाली टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लिहून देतात. ती कशी द्यायची ते सुट्टी होण्याआधी वॉर्डातच शिकून घ्या आणि मध्येच बंद करू नका.

कपडे

नऊवारी नेसणाऱ्या मावशींना हे हात जोडून सांगते: कासोटा बरोबर टाक्यांवरच घासतो. काही महिने लुगडं बाजूला ठेवा. परकराची नाडीही जांघेतल्या जखमेच्या वर रुतते. सैल सुती गाऊन सगळ्यात बरा, घरात आतलं काही न घालता. सासऱ्यांसमोर गाऊन कसा घालायचा, असं विचारतात. वरून टॉवेल किंवा ओढणी घ्या. पॅड लागलंच तर सुवासाचं, प्लास्टिकच्या जाळीचं नको. सुती घ्या आणि ओलं झालं की लगेच बदला.

खाणं, आणि मिश्री

टाके असताना वांगं, बटाटा, भात, लिंबू खाल्लं की पू होतो, असं गावोगाव सांगतात. तसं काही नाही. उलट पथ्यापायी नुसत्या पेजेवर ठेवलेल्या बाईची जखम भरत नाही. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची किंवा मुगाची उसळ, अंडी, दूध, शेंगदाण्याची चटणी, मेथी, शेपू, पेरू, लिंबू, ताक, सगळं द्या. ठेचा मात्र थोडे दिवस लांब ठेवा, शौचाच्या वेळी आग होते.

मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. वाढलेल्या साखरेत टाके उसवायचा धोका वाढतो. तंबाखू आणि मिश्रीचंही तसंच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. कुणी विडी ओढत नाही म्हणून घरचे निर्धास्त असतात, आणि सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या मिश्रीकडे कुणाचं लक्षच जात नाही. निदान जखम भरेपर्यंत ती बंद झालीच पाहिजे. सवय सुटायला अवघड जातं, चिडचिड होते, ती घरच्यांनी सोसावी.

जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर

जांघेत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून तिथे नळी ठेवतात. त्या नळीच्या डब्यात साठलेलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मापाच्या कपात मोजा आणि तारीख घालून लिहा. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली यायला लागलं की डॉक्टर नळी काढायचा विचार करतात, म्हणून ही वही तपासणीला न्यायचीच. नळी काढल्यावर जांघेत पाण्याचा फुगा आला तर दाबू नका, सुई लावून घेऊ नका, दाखवा.

पाय सुजणं काही आठवड्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होतं. बसताना पाय उंचावर ठेवा. पायाला लहानसा काटा लागला तरी धुऊन झाका, अनवाणी रानात जाऊ नका, पाय कोरडे पडू देऊ नका. जोडवी आणि पैंजण सुजेत रुतायच्या आधीच काढून ठेवा. जोडवी काढायला मन तयार होत नाही, मला माहीत आहे, पण सुजलेल्या बोटातून ती कापून काढावी लागणं जास्त वाईट. पाय लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कशाला घाबरायचं नाही, कधी निघायचं

आठवडा-दोन आठवडे सूज आणि काळंनिळं दिसणं, गुलाबी किंवा पिवळसर पाणी येणं, खाज, बधिरपणा, टाक्याचा दोरा गळून पडणं हे चालायचंच. एखादा टाका सुटून कडा थोड्या उघडणं या जागी नेहमी होतं. डॉक्टरांना फोन करा, पण जीव घाबरा करू नका. अशी जखम बहुतेक वेळा आतून भरत येते, फक्त जास्त दिवस लागतात.

ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढला, घाण वास किंवा घट्ट पू आला, लाली रोज पसरत गेली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, जखम मोठी उघडली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता निघा. तासाभरात पॅड भिजून जाईल इतकं रक्त गेलं, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर १०८ ला फोन करा. त्या वेळी सोबतच्या माणसाला ऑपरेशन नेमकं कशाचं झालं ते माहीत असलं पाहिजे. "पोटाचं" सांगितलं तर डॉक्टरांचा वेळ पोट तपासण्यात जातो.

काम, नवरा, मन

मोठ्या ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही. दहा लिटरची घागर दहा किलो होते, म्हणजे पाणी भरणं बंद. खुरपणी आणि कापूस वेचणी वाकून आणि बसूनच होते, तेव्हा डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्याशिवाय रानात जायचं नाही. हंगाम ऐन भरात असला तरी नाही.

नवरा-बायकोचा संबंध सहा आठवड्यांच्या आत नको, आणि त्यानंतरही तपासणी झाल्यावरच. हे मालकांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगावं असा आग्रह धरा. बाईच्या तोंडून ते निघत नाही. सुरुवातीला जागा आवळल्यासारखी, कोरडी, बधिर वाटते, व्रणावर ओढ बसते, आणि त्यावर उपाय असतात, म्हणून तपासणीत विचारा. आपण आता पूर्वीसारखी बाई राहिलो नाही, असं मनात घेऊन गप्प बसणाऱ्या खूप असतात. आठवड्यांमागून आठवडे झोप, जेवण, बोलणं तुटलेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे.

रिपोर्ट

काढलेला तुकडा तपासायला पाठवलेला असतो. टाके भरले, चालायला लागली, की लोक रिपोर्ट आणायला जातच नाहीत. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार की नाही हे तो कागदच सांगतो. सुट्टी मिळतानाच रिपोर्ट कोणत्या दिवशी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल ते लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पुढच्या तपासणीचं विचारा. कॅन्सर निघाला असेल तर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवावं लागतं, पुढे अंतर वाढतं. मधल्या काळात महिन्यातून एकदा आरशात स्वतः बघा. नवीन गाठ, न भरणारी जखम, पांढरा किंवा काळा चट्टा, सतत खाज, जांघेत गोळा, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. जाताना डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वही घ्या, आणि रोज जखम बघणाऱ्या माणसालाच सोबत न्या.